बिनमिठाच्या बावीस कृती

धानोऱ्याच्या रंजनाबाईंना रांधायचा कंटाळा आलाय, असं दोन महिन्यांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं. पस्तीस वर्षं आधी चुलीपुढे आणि मग गॅसपुढे काढलेली बाई. त्यांच्या हातची बेसनाच्या डुबुकवड्यांची आमटी खायला व्याही वाकडी वाट करून यायचे. पण आता सकाळ झाली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहायचा. आज काय करायचं, आणि ते मिठाशिवाय माणसाच्या घशाखाली कसं उतरवायचं?

माणूस म्हणजे त्यांचे यजमान, भटूभाऊ. गावात त्यांचं मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचं दुकान. आसपासच्या निम्म्या विहिरींवरचे पंप त्यांच्या हाताखालून गेलेले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हृदयाचा पंप कमजोर झालाय. तेव्हा भटूभाऊ हसले होते. "लोकेसना पंप भरता भरता मन्हाच पंप जळी गया," म्हणाले.

पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. पाय इतके सुजले की चपलेत जाईनात. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : दिवसभरात सगळं मिळून अर्धा चमचा मीठ, त्यावर कण नाही. लोणचं, पापड, शेव, बाहेरचं काही नाही. आणि रंजनाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, गोळ्या मी देतो. पण अर्धं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे. हे पाणी छातीत गेलं तर पुढचं अवघड आहे."

अर्धं औषध तुमच्या स्वयंपाकघरात! हे वाक्य बाईंच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

पुण्याला मुलगा ललित आणि सून नूतन. नूतनने फोनवर शोधायचं कसं ते शिकवलं आणि एक जाडजूड पाककृतींचं पुस्तक पोस्टाने पाठवलं. पुस्तक गुळगुळीत कागदाचं, फोटो असे की हात लावायची भीती वाटावी. त्यात ब्रोकोली होती, ऑलिव्हचं तेल होतं, भट्टीत भाजलेली कुठली तरी मासळी होती. धानोऱ्याच्या बाजारात वांगी, गिलकी आणि मेथी. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फोन उघडला.

फोनमध्ये तर महापूर. एक बाई सांगे, सैंधव बिनधास्त वापरा, ते मीठच नव्हे. दुसरी सांगे, लिंबू पिळा म्हणजे मीठ आठवणारच नाही. या दुसरीने आजारी माणसाला नक्कीच कधी वाढलेलं नव्हतं. एका गृहस्थाने 'बिनमिठाचा ढोकळा' दाखवला आणि त्यात चमचाभर खायचा सोडा ओतला. आणि जिकडे तिकडे एकच मंत्र : मीठ चवीनुसार. अहो, कोणाच्या चवीनुसार? बाईंना त्या शब्दांचा इतका राग येऊ लागला, की फोनवर ते ऐकले की त्या पुढचं न ऐकताच बंद करत.

पण बाई हुशार. सैंधवाचं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. तेही मीठच, असं कळलं. खायचा सोडाही चालत नाही, हेही कळलं. तेव्हापासून त्यांनी स्वतःचा कायदा केला. जो माप सांगत नाही, तो खोटा. जो भांड्याचा तळ दाखवत नाही, तो लपवतोय. ज्याच्या खाली एकाही बाईने 'मी करून पाहिलं, असं असं बिघडलं' म्हणून लिहिलेलं नाही, त्याचं कोणी केलेलंच नाही. शंभरातली एखादी कृती या चाळणीतून खाली पडायची. ती बाई आधी स्वतःसाठी करून बघत, मग भटूभाऊंच्या ताटात येई. वाया गेलेलं स्वतः खात. दोन महिन्यांत त्यांचं स्वतःचं तोंडही बेचव झालं होतं.

अशा बावीस कृती त्यांनी वहीत उतरवल्या. प्रत्येकीपुढे मिठाचा रकाना. गिलक्याची भाजी : दोन चिमटी. मेथीची पातळ भाजी : एक चिमूट. त्यातली भटूभाऊंच्या सगळ्यात आवडीची होती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. फोनवर एका बाईने लिहिलं होतं, की उडदाला स्वतःची चव असते, म्हणून कळण्याच्या भाकरीला मीठ लागत नाही. दोन वाट्या पीठ घ्या, गरम पाण्यात मळा, वरून मीठ घालू नका. सगळं मापात, नीट, खाली सात जणींनी करून पाहिल्याचं लिहिलेलं. बाईंनी रोज दोन्ही वेळा तीच भाकरी सुरू केली. भटूभाऊ भाजी बाजूला सारत, पण भाकरी चवीने खात. तेवढंच बाईंना समाधान. वहीत त्यांनी लिहिलं : मीठ, नाही. नूतनने ती पानं फोनवरच्या एका गटात टाकली. अशाच रोग्यांच्या घरच्या बायका तिथे होत्या. शिरपूरच्या एकीने तर हात जोडलेलं चित्र पाठवलं.

सूज मात्र उतरेना. उलट महिन्याने डॉक्टरांनी वजन केलं तर अडीच किलो वाढलेलं. "हे पाणी आहे," ते म्हणाले. "घरात मीठ कुठून तरी जातंय." त्यांनी गोळी वाढवली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर फरक पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

रंजनाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. कण कण मोजून घालणाऱ्या त्या. मग मीठ जाणार कुठून? चोर एकच. घरी येताच त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं.

"खरं सांगा. दुकानवर भजी खातस ना तुम्ही?"

"काहीच खादं नही वं मी. कानबाईनी आन."

"देवनी खोटी आन खावाले लाज नही वाटस? मी आठे मरी ऱ्हायनू, आनि तुम्ही..."

भटूभाऊ उठून ओट्यावर जाऊन बसले. बोलून उपयोग नाही हे त्यांना दिसत होतं. त्या दिवसापासून बाईंनी त्यांचे खिसे तपासायला सुरुवात केली. दुकानाशेजारच्या भजीवाल्याला जाऊन दम दिला. शेवटी बोलणंच बंद केलं. ताट समोर सरकवायचं आणि पाठ फिरवायची. खोटारडा, असं त्या मळताना, निवडताना, भांडी घासताना मनात म्हणत राहिल्या. एवढ्या कष्टाला या माणसाने माती केली, याचंच जास्त दुःख होतं.

मुदतीतले नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पीठ संपलं म्हणून बाई सकाळी मोतीलालच्या गिरणीवर गेल्या. घरून माप भरून आणलं होतं, नेहमीसारखं : ज्वारीचे चार वाटे, उडदाचा एक. मोतीलालने पिशवी गिरणीच्या तोंडात रिकामी केली. पांढरी ज्वारी, काळे उडीद, आणि त्यांच्यात चमकणारे मिठाचे खडे.

"मीठ बराबर टाकं, वहिनी," मोतीलाल मोटार सुरू करत म्हणाला. "तुम्हनं कळणं कधी फिकं नही ऱ्हास."

खानदेशात कळणं मिठासकटच दळतात. चार मापांना एक माप आणि वरून मूठभर खडेमीठ, हे सासूने लग्नाच्या पहिल्या वर्षी हाताला लावलेलं वळण. ती मूठ टाकण्यात डोकं लागत नाही. हात आपला टाकून मोकळा होतो, आणि जन्मभर तीच चव खाल्लेल्या जिभेला ती खारट वाटत नाही. पीठ मळताना कोणीच मीठ घालत नाही, कारण ते आधीच दळलेलं असतं. फोनवरच्या बाईने दुकानातलं बिनमिठाचं पीठ घेतलं असेल. तिची कृती खरीच होती. दोन महिने रंजनाबाईंनी जगभरच्या स्वयंपाकिणींच्या चुका पकडल्या, आणि स्वतःची मूठ तेवढी पाहिली नाही.

"बंद कर भाऊ," त्या ओरडल्या. "मोटार बंद कर!"

मोतीलालने घाबरून बटण दाबलं. बाई तिथल्याच पोत्यावर बसल्या. आपण माणसाला हाताने विष घालत होतो, आणि वर त्यालाच चोर म्हणत होतो. थोड्या वेळाने त्यांनी नूतनला फोन लावला आणि ती भाकरी गटातून काढून टाकायला सांगितली. "लिख, रंजनाबाईनी चूक व्हयनी," त्या म्हणाल्या. "मन्हं नाव लिख. ती शिरपूरवालीले आधी फोन कर."

मग त्यांनी साधी ज्वारी दळून घेतली आणि घरी आल्या. भटूभाऊ ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसले होते. पाठ फिरवायची सवय झालेली, त्यामुळे समोर उभं राहणंही बाईंना जड गेलं. त्यांनी सगळं सांगितलं.

भटूभाऊंनी मान हलवली. "भाकर खारी लागे माले."

"लागे? मंग सांगं काबरं नही?"

"दिवसभरमा तेवढंच खावासारखं लागे वं. तू म्हने, मीठ नही शे. माले वाटनं, हाई मापमाच व्हई."

बाईंना रडू आलं, मग राग आला, मग दोन्हीसाठी अंगात त्राण उरलं नाही. आत जाऊन त्यांनी वहीतली ती ओळ खोडली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रागावून घेतलं आणि मग म्हणाले, "सापडलं हे चांगलं झालं. आता वाट पाहू." किती वाट पाहायची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंना विचारवलं नाही.

दुपारी ताटात ज्वारीची भाकरी होती, मिठाचा कणही नसलेली, आणि गिलक्याची दोन चिमटींची भाजी. आज बाई पाठ न फिरवता समोर बसल्या. भटूभाऊंनी तुकडा मोडला, भाजीला लावला आणि बराच वेळ चावत राहिले. मग पाणी प्यायले.

"कशी शे?" बाईंनी विचारलं.

भटूभाऊंनी ताटाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"चांगली शे," ते म्हणाले.

पस्तीस वर्षांत तो माणूस त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलला होता. रंजनाबाईंनी आणखी अर्धी भाकरी त्यांच्या ताटात वाढली.