खांद्याची चित्रं

सुप्रभा पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, १९८४ साली. आरतीत सगळे मूर्तीकडे पाहत होते आणि ही माझ्या टाळांकडे. नंतर प्रसादाची वाटी हातात देत म्हणाली, "शैलाताई, तुमच्या मनगटाचं हाड फार सुरेख दिसतं." शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्या हाडांचं कौतुक कोणी केलं नव्हतं.

तिचे यजमान यशोधन हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. मूलबाळ नव्हतं. ती संध्याकाळी कॉलेजात चित्रकलेच्या क्लासला जाई. लिओनार्दोच्या शरीरचित्रांचं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणी, मुदत वाढवून वाढवून घरी ठेवी. त्यात एकच खांदा चारी बाजूंनी फिरवून दाखवला होता. ते पान समोर ठेवून ती रविवारी यशोधनना बनियनवर खुर्चीत बसवी.

"अहो, हलू नका."

"लोकांना मी भूल देतो. मला कोण देणार?" मग कागदाकडे वाकून बघत, "हा स्नायू एवढा भरू नकोस. मंडळात सगळ्यांनी पाहिलंय मला."

त्याच पुस्तकातली एक हकीगत यशोधनना आवडायची. फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलात एक शतायुषी म्हातारा लिओनार्दोशी बोलला आणि थोड्याच वेळात, काही त्रास न होता, शांतपणे गेला. इतकं सुखाचं मरण कशानं आलं हे कळावं म्हणून लिओनार्दोनं तो देह उघडून पाहिला. हे वाचल्यावर यशोधननी मेडिकल स्कूलकडे देहदानाचे कागद भरले. "मला जाळू नकोस," ते माझ्यासमोर तिला म्हणाले. "मुलांना शिकू दे."

१९९२च्या फेब्रुवारीत ते जिन्यात कोसळले आणि गेले. त्यांचे थोरले भाऊ श्रीनिवास कार्डिफहून आले, येताना गंगाजल घेऊन. देहदानाचं ऐकल्यावर हॉलमध्ये मंडळाच्या लोकांदेखत म्हणाले, "सुप्रभा, माझ्या भावाला पोरांपुढे टेबलावर टाकणार तू? मग मी दहावं कशाचं करू?"

"भाऊजी, त्यांनीच सांगितलंय."

"तो चेष्टेनं बोलायचा. तुला चित्रांचा नाद, त्यातून हे निघालं."

ती मागे हटली नाही. श्रीनिवास गंगाजलाचा गडू परत पिशवीत घालून निघाले, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचेही. मी राहिले.

मृत्यू अचानक झालेला, म्हणून अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कॉरोनरच्या, हुकमानं शवविच्छेदन झालं. दोन दिवसांनी मेडिकल स्कूलचा फोन आला. बाई अतिशय सभ्यपणे बोलत होती. शवविच्छेदन झालेला देह आम्हांला घेता येत नाही, मनापासून दिलगीर आहोत. सुप्रभानं "थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि लगेच कार्डिफचा नंबर फिरवला. जाऊ फोनवर आली. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे आता नाही यायचे. तुमच्या पद्धतीनं काय ते करा."

स्मशानात आम्ही चौघी होतो: ती, मी आणि यशोधनच्या ऑपरेशन थिएटरमधल्या दोन नर्सेस. भटजी मिळाले नाहीत. आठवतील तेवढे श्लोक मी म्हटले. बटण सुप्रभानंच दाबलं.

मंडळात अजून हेच बोललं जातं की तिनं नवऱ्याला कापायला दिलं. दहन झालं हे मी कितीदा सांगितलं. लोक मान हलवतात आणि पुढच्या वर्षी तेच बोलतात. एकदा मी तिला म्हटलं, तू स्वतः सांग एकदा.

"कशाला, शैलाताई? निदान लोकांच्या तोंडी तरी ह्यांच्या मनासारखं झालंय."

हे ती हसून म्हणाली नाही.

सुप्रभा अजून त्याच घरात राहते. वरची खोली तिनं एका नर्सला भाड्यानं दिली आहे.