एक गुच्छ जास्तीचा

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत हॅझलकोमच्या चर्चमध्ये फूल म्हणून दिसत नाही. पितळी फुलदाण्या पुसून कपाटात जातात, वेदी ओकीबोकी दिसते, आणि एरवी फुलांच्या पाळीवरून एकमेकींना टोमणे मारणाऱ्या बायकांच्या तोंडालाही विश्रांती मिळते. अपवाद एकाच रविवारचा. आईच्या रविवारी मुलं चर्चमध्ये आपापल्या आईला प्रिमरोझचा गुच्छ देतात. ते गुच्छ बांधायचं काम बेरिल गॉलपचं. यंदाचं हे तिचं अठ्ठेचाळिसावं वर्ष होतं.

शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत रॉकेलचा हीटर पेटवून ती आणि डॉट लेग समोरासमोर बसल्या होत्या. टेबलावर ओल्या फडक्यात फिकट पिवळी फुलं, शेजारी हिरव्या लोकरीचा गुंडा. बाहेर दोन दिवस बारीक पाऊस लागला होता. गल्लीतल्या घरांपैकी निम्म्यांच्या खिडक्या काळ्या होत्या. ती घरं आता लंडनवाल्यांची, उन्हाळ्यात पंधरा दिवस उघडायची. शाळा बंद होऊन बारा वर्षं झाली, दुकान बंद होऊन सहा. उद्या गुच्छ वाटायला मुलं आणायची ती शेजारच्या गावातून, तीही चारच.

"एकूण किती करायचे?" डॉटने विचारलं.

"तेवीस."

"म्हणजे बायका बावीस!" डॉट खोखो हसली. "अगं बये, तुला आकडे शिकवले तरी कुणी? मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षापासून बघतेय, दरसाल तुझा एक जास्तीचा."

"मिस ट्रेंचर्डने शिकवले," बेरिल म्हणाली. "आकडे कमी, छड्या जास्त."

बेरिल जन्माची डावरी. शाळेतल्या ट्रेंचर्डबाईंना डावरेपणा हा सैतानाचा स्पर्श वाटायचा. पट्टी उभी धरून त्या बोटांच्या पेरांवर मारायच्या, आणि मग तोच सुजलेला हात फळ्यासमोर वर धरून उभं करायच्या. एका हिवाळ्यात बेरिलची करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. आजही गाठ मारताना ती करंगळी बाजूला राही, जणू तिला अजून भीती वाटत होती.

"बरं, कळलं का तुला?" डॉट पुढे वाकली. खोलीत तिसरं कुणी नव्हतं तरी तिने आवाज खाली आणला. "वॉलीला सोमवारी नेतायत. म्हाताऱ्यांच्या आश्रमात, तिकडे समुद्राकडे. लेकीने, जॅनेटने, त्याचं सामान बांधलंसुद्धा. काल मी सूप घेऊन गेले तर मला म्हणतो, मेबल, गाई आल्या का? मेबल म्हणजे त्याची बहीण. जाऊन तीस वर्षं झाली तिला."

बेरिलच्या हातातली लोकर सुटली आणि गुंडा टेबलाखाली गडगडत गेला. तो उचलायला ती वाकली, आणि उठायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

वॉली स्प्रेक चाळीस वर्षं हॅझलकोममधल्या कबरींचे खड्डे खणत आला होता. गावातलं कोण कुठे निजलंय हे वहीत पाहावं लागत नसे, त्याला विचारलं की झालं. बेरिलला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत ती विचारली नव्हती.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला होता. घरीच, वरच्या खोलीत. तो रडला नाही. सुईणीने त्याला टॉवेलात गुंडाळून दाराबाहेर दिला, आणि बेरिलने ऐकलं ते फक्त आवाज: नवऱ्याच्या, लेनच्या, बुटांचे जिन्यावरून, मग सफरचंदाच्या लाकडी पेटीचं झाकण, मग खालचं दार. मेलेलंच जन्मलेलं मूल. त्याला ना बाप्तिस्मा, ना नाव, ना प्रार्थना. पाद्रीबाबांच्या नोंदवहीत त्याला ओळ नाही. लेन दोन तासांनी हात धुऊन वर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "वॉलीने केलं सगळं नीट." तिने एकदाच विचारलं, कुठे? लेन उठून गोठ्यात गेला आणि गाईंचं दूध काढायची वेळ होईपर्यंत परतला नाही. तो वाईट माणूस नव्हता. विसरली तर बरी होईल, असं त्याला वाटत होतं. मूल त्यांना पुढे झालं नाही, आणि लेन अकरा वर्षांपूर्वी ती गोष्ट पोटात घेऊनच गेला.

बाप्तिस्मा न झालेल्यांना उत्तरेकडच्या कुंपणाशी ठेवतात, हे बेरिलने लहानपणी ऐकलं होतं. म्हणून दर वर्षी आईच्या रविवारी, सगळी पांगली की, जास्तीचा गुच्छ कोटाखाली धरून ती कुंपणाकडे जायची. एक वर्षी या झुडपाशी, पुढच्या वर्षी त्या. कधीतरी बरोबर जागी पडेल एवढ्या आशेवर. आणि सोमवारी ज्याला ती जागा ठाऊक आहे तो माणूस गावातून जाणार होता. माणूस राहिला तरी डोकं किती दिवस राहणार होतं?

"उरलेले दोन तू बांध," ती डॉटला म्हणाली. "मी वॉलीला भेटून येते."

"आत्ता? एवढ्या पावसात? अगं, तो तुला पोपची बायको म्हणेल!"

"पोपला बायको नसते, डॉट."

"तेच सांगतेय मी!"

वॉलीचं घर चर्चच्या फाटकाला लागूनच. आत खोकी दोरीने बांधून ठेवलेली, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. आरशामागे गेल्या झावळ्यांच्या रविवारचा पानांचा क्रूस खोचलेला तेवढा राहिला होता. वॉली विस्तवाजवळ बसून स्वतःचे हात बघत होता. मोठे हात, आता नुसतेच मोठे.

"या, मिसेस गॉलप," त्याची लेक जॅनेट म्हणाली. "ओळखतील की नाही, देव जाणे. बसा तुम्ही, मी तेवढी खोकी गाडीत टाकते." ती पाठीने दार ढकलून बाहेर गेली.

"कोण ती?" वॉलीने विचारलं.

"बेरिल. लेनची बायको."

"लेनची होय!" त्याचा चेहरा उजळला. "त्या दरोडेखोराला सांग, माझ्या कुदळीचा दांडा परत दे म्हणावं. न्यायच्या वेळी बरा गोड बोलला!"

बेरिलला कळलं, या खोलीत लेन अजून जिवंत आहे. ती स्टूल ओढून त्याच्या गुडघ्यांशी बसली. कसं विचारायचं हे तिने इतकी वर्षं मनात घोळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सरळच.

"वॉली, माझं बाळ कुठे ठेवलंस?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्याने ओठ घट्ट मिटले, दार लावून घ्यावं तसे.

"लेनला विचार."

"लेन सांगत नाही."

"मग मीही नाही सांगणार. शब्द दिलाय मी त्याला. हातात हात घेऊन दिलाय. जा पोरी, घरी जा, गार वारा आहे."

बाहेर जॅनेटने गाडीचा मागचा दरवाजा आपटला. लेन गेला, असं सांगितलं तर हा आत्ता नव्याने रडेल आणि तेवढंच होईल, हे बेरिलला दिसत होतं. उपवासाचे दिवस होते. या दिवसांत तिने साखर सोडली होती आणि डॉटविषयी मागे बोलणं सोडलं होतं. आरशामागचा क्रूस तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"लेननेच पाठवलंय मला," ती म्हणाली. "म्हणाला, वॉलीला सांग, आता तिला सांगून टाक."

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

वॉलीने एवढा मोठा श्वास सोडला की त्याचे खांदे खाली आले. "बरं झालं बाई. जड झालं होतं मला ते. खड्ड्यातली माती नाही होत एवढी जड." त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. "रागवायचं नाही हं, पोरी. पाद्रीबाबांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण कुंपणाशी नाही ठेववलं मला. कोल्हे उकरतात तिथे. पेटी काय गं, सफरचंदाची. म्हटलं, याला आपण नीट पोचवू. त्या आठवड्यात शाळेची बाई गेली होती ना..."

"कोण?" बेरिलने विचारलं. शाळेची बाई एकच होती.

"ट्रेंचर्डबाई. रात्रभर चर्चमध्ये होती ती, सकाळी पुरायची. तिच्याजवळ बसायला कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. काडीसारखी बाई, आणि तिची शवपेटी चांगली ऐसपैस. मी आणि लेनने झाकण उघडलं. लेनच्या सदऱ्यात गुंडाळला होता त्याला. तिच्या डाव्या कुशीत ठेवला, आणि तिचा हात त्याच्यावर घातला. बसला बघ, तिथेच जन्मल्यासारखा." तो थांबला. "आणि सकाळी पाद्रीबाबांनी सगळी प्रार्थना म्हटली, पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत. बाईला मिळाली ती. मग त्यालाही मिळाली की नाही?"

"मिळाली, वॉली."

"मला तर तसंच वाटतं." त्याने हात सोडला. "दांड्याचं तेवढं सांग लेनला."

बेरिल घरी आली ती मागच्या शेतातून, चिखल तुडवत, चर्चच्या आवाराला वळसा घालून. मिस ट्रेंचर्डचं थडगं कुठे आहे हे तिला विचारावं लागणार नव्हतं. दक्षिणेच्या भिंतीशी, पाण्याच्या नळाला लागून. बेरिल पहिल्यांदा फुलांच्या पाळीवर आली तेव्हा बाकीच्या बायकांनी तिला विचारलं होतं, शिळी फुलं टाकायची कुठे? तिने ही जागा दाखवली होती. नळाजवळ सोयीचं पडतं, असं ती सर्वांना म्हणाली होती. तेव्हापासून लिलींचे सडके दांडे, ख्रिसमसच्या होलीच्या काटेरी फांद्या, लग्नांच्या माळा, दर शनिवारी फुलदाण्यांचं हिरवं, वास मारणारं पाणी, सगळं त्या दगडाच्या पायथ्याशी पडत आलं होतं. ढीग आता नावापर्यंत चढला होता. बादली उपडी करताना दर वेळी तिची वाकडी करंगळी हलकेच ठणकायची, आणि दर वेळी तिला थोडं बरं वाटायचं. ते कुणाला कधी कळलं नव्हतं. देवाला कळलं असेल, पण त्याने काही म्हटलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये सव्वीस माणसं होती. आताच्या पाद्रीबाई रेव्हरंड फिलिपा, त्यांच्या पदरात सहा गावं. त्या दुसरीकडची प्रार्थना उरकून चिखलाच्या बुटांनिशी आल्या. पापांची कबुली द्यायची वेळ झाली तेव्हा बेरिल सगळ्यांबरोबर गुडघ्यांवर आली. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप करायचा असं तिने घरून ठरवून आणलं होतं. तो काही केल्या येईना. आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, बादल्यांचा, आणि एकामागून एक इतक्या बादल्या आल्या की बाकी सगळे उठून बसले तरी ती खालीच होती. डॉटने कोपर धरून तिला वर घेतलं.

मग मुलांनी गुच्छ वाटले. पूर्वी फक्त आयांना मिळायचे. रेव्हरंड फिलिपा आल्यापासून सगळ्या बायकांना देतात, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. एका दात पडलेल्या मुलीने बेरिलच्या मांडीवर गुच्छ ठेवला आणि मोठ्यांदा विचारलं, "तुमची मुलं कुठे आहेत?"

"श्श!" डॉट म्हणाली.

"जवळच आहे," बेरिल म्हणाली.

सगळे गेल्यावर डॉट तिला शोधत आली, तेव्हा बेरिल नळाजवळ होती. चर्चचा चांगला निळा कोट अंगात, मोजे फाटलेले, आणि ती कोपरापर्यंत हात घालून कुजलेला ढीग उपसत होती. वरचा थर सुटत होता. खालचा काळा, जड, मातीच झालेला. पाऊस त्यावर पडत होता. दगडावरचं नाव आता दिसू लागलं होतं, शेवाळाने भरलेलं.

"अगं! डोकं फिरलं का तुझं? निमोनिया होईल!"

"ढीग चुकीच्या जागी आहे."

"चाळीस वर्षं तिथेच आहे की! तूच तर..." डॉट थांबली. बेरिलचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. मग तिची नजर भिंतीवरच्या गुच्छांवर गेली. बेरिलला मुलीने दिलेला एक, आणि दर वर्षीचा तो जास्तीचा एक.

"आणि हे दोन कशाला?" तिने हळूच विचारलं. "बाई तर एकटीच होती. सारं आयुष्य एकटी."

बेरिल टाचांवर बसली. हात मांडीवर पालथे टाकले, कोट खराब होईल याचा विचारही न करता.

"दोघं आहेत तिथे, डॉट," ती म्हणाली.

ढीग अजून कमरेएवढा होता, आणि एका दुपारीच काय, एका आठवड्यातही तो दोघींच्याने हलणारा नव्हता. डॉटने आपले हातमोजे काढून खिशात घातले, नळाखालची बादली उचलली आणि बेरिलच्या शेजारी गुडघे टेकले.

"यात टाक," ती म्हणाली. "पण मला आधी सांग, नेऊन टाकायचं कुठे?"

बेरिलने आवाराभर नजर फिरवली. उत्तरेचं कुंपण, दक्षिणेची भिंत, मधले वाकलेले दगड. जिच्याखाली कुणी निजलेलं नसेल अशी एकही जागा तिला दिसेना.