शिवणकामाच्या पुस्तकाच्या आठ नोंदी

वाचनालय संगणकावर आणलं मी, त्यामुळे ग्रंथपालकाका रुसले माझ्यावरच. एकोणचाळीस वर्षं त्यांनी कार्डांवर नोंदी ठेवल्या होत्या आणि सोमवारी ती सगळी कार्डं रद्दीत जाणार होती.

"अगं, तुझा हा डबा माझ्या बायकोची एकच नोंद दाखवतोय! शिवणकामाचं पुस्तक तिनं आठ वेळा नेलं होतं."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तपासलं. चूक माझीच निघाली. एक वाचक अनेक पुस्तकं नेतो, एक पुस्तक अनेक वाचकांकडे जातं, म्हणून मी वाचकांचा आणि पुस्तकांचा अशा दोन तक्त्यांच्या मध्ये देवघेवीचा तिसरा तक्ता ठेवला होता. त्यात फक्त वाचक क्रमांक आणि पुस्तक क्रमांक, वर नियम असा की एक जोडी एकदाच. दिसायला कसं सुटसुटीत! त्या नियमाने काकूंच्या सात खेपा गिळून टाकल्या होत्या.

मग मी प्रत्येक खेपेला स्वतःचा क्रमांक दिला आणि नेल्याची तारीख, परतीची तारीख, शेरा असे रकाने वाढवले. काका कार्ड हातात धरून तारखा सांगू लागले, तेही कार्डाकडे न बघता.

"पहिल्या सात लग्नाआधीच्या. दर शनिवारी यायची. सुईत दोरा ओवता यायचा नाही बाईला! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सातवी खेप उजाडली."

"शेरा?"

"पान बेचाळीस दुमडलेले. सातही वेळा तेच लिही. मी रागवावं म्हणून मुद्दाम दुमडायची."

मी हसले. काकाही हसले आणि हसता हसता दाराकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

आठवी नोंद आजारपणातली. काकूंनी हट्टाने तेच पुस्तक मागितलं होतं आणि काकांनी रीतसर काकूंच्या नावावर नेलं होतं. कार्डावर परतीचा रकाना मात्र कोरा होता. संगणक काही केल्या कोरा रकाना घेईना.

"पुस्तक कुठाय, काका?"

"इथल्याच कपाटात. ती गेल्यावर मीच आणून ठेवलं."

"मग तीच तारीख टाकते."

"नको," काका ताडकन म्हणाले. "तिनं कुठं परत केलंय?"

मी नियम सैल केला. नोंद बसली आणि पुस्तकापुढे आपोआप शब्द उमटला: वाचकाकडे.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे आता ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाही?"

"नाही."

"मग असू दे तिच्याकडेच."