बोलावणारीच्या दारात

तमिळ किनाऱ्यावरच्या आमच्या कायलपट्टणमात पत्रिका वाचून कोणी लग्नाला जात नाही. पत्रिका छापतात, हल्ली तर सोनेरी अक्षरांत छापतात, आणि बायका ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवतात. खरं बोलावणं तोंडी. ते प्रत्येक घराच्या उंबऱ्यात उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं, आणि कित्येक वर्षं ते सांगणारी बाई एकच होती, मुत्तुमीराळ. लहानथोर सगळे तिला मीराळ लात्ता म्हणत. लात्ता म्हणजे ताई. पोरीही लात्ता म्हणायच्या आणि त्यांच्या आज्याही.

इथल्या घरांना दोन दारं असतात. पुढचं रस्त्यावर उघडतं, तिकडून पुरुषांची ये-जा. मागचं उघडतं बायकांच्या बोळात. बोळ असा अरुंद, की समोरून दुसरी आली तर एकीनं भिंतीला पाठ लावून तिला जाऊ द्यायचं, आणि ती जाता जाता चार गोष्टी ऐकवून जाणारच. या बोळांतून बायका गावभर हिंडतात, आणि रस्त्यावर चहा पीत बसलेल्या त्यांच्या नवऱ्यांना पत्ता नसतो.

मीराळ मागच्या दाराशी यायची आणि खाकरायची. आतून "कोण?" असं आलं, की उंबऱ्यावर हात ठेवून एका दमात सांगायची. कोणत्या घरची, कोणाची लेक, निकाह कधी, कोणत्या मशिदीत, जेवण कुठे. आणि शेवटी, "घरातल्या सगळ्यांनी यायचं, मागे कोणाला ठेवायचं नाही." मग घरची बाई म्हणायची, "अल्लानं आणलं तर आलोच समज." एवढं उत्तर मिळालं की बोलावणं पोचलं. उत्तर घेतल्याशिवाय मीराळ हलायची नाही, आणि बसायची तर मुळीच नाही. कोणी चहाचा आग्रह केला तर म्हणायची, "बसले तर तुझ्या सुनेच्या कागाळ्या ऐकाव्या लागतील. तिच्याकडून तुझ्या ऐकून आलेच आहे."

एखादं घर सुटलं तर संपलंच. सुटलेलं घर मग लग्नघरच्या मयतीलाही यायचं नाही. मीराळच्या हातून एकही घर कधी सुटलं नाही. घरांची रांग तिच्या तोंडात बसली होती, चिंचेच्या घरानंतर विहिरीचं, विहिरीच्या घरानंतर निळ्या दाराचं. कुठून सुरू केलं तरी गाव पुरं व्हायचं.

तिचं स्वतःचं घर म्हणजे बोळाच्या टोकाची एक खोली. आमच्याकडे घर लेकीला मिळतं आणि नवरा तिच्याकडे राहायला येतो. बापानं जितक्या लेकी तितकी घरं उभी करायची. मीराळच्या बापाचा दम तिसऱ्या लेकीपाशी संपला. चौथी मीराळ. तिला मिळाली नारळाची सोडणं ठेवायची खोली, जिला रस्त्यावरचं दारच नव्हतं. कोलंबोतल्या दुकानात काम करणारा एक नवरा त्या खोलीत राहायला आला, दोन पावसाळे राहिला, आणि परत गेला तो गेलाच. तिकडे त्यानं दुसरा संसार मांडल्याचं पुढे कळलं. मीराळ पोटभर रडली, मग डोळे पुसले आणि बोलावणी करायला लागली. चिडली असेलही, पण चिडायला तरी समोर कोणी हवं ना.

आता जेवणाचं. लग्नात आमच्याकडे एका ताटात तिघी जेवतात. मोठं ताट, मध्ये तुपातला भात, त्यावर मटण, कडेला डाळीतलं वांगं, आणि भोवती तिघी. एकटीनं जेवायचं नसतं. प्रत्येक बाईच्या दोघी ठरलेल्या असतात, बहीण, नणंद, मैत्रीण. मीराळचं ठरलेलं ताट नव्हतं. जिथे तिसरी कमी, तिथे हाक यायची, "लात्ता, इकडे ये, आमचं अडलंय." ती जाऊन बसायची. मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या बायकोबरोबर जेवायची आणि ओळखपाळख नसलेल्या पाहुण्यांबरोबरही. "मी गावाची तिसरी," असं म्हणायची आणि वांग्याचा चांगला तुकडा आपल्याकडे ओढायची.

हे असंच चालायचं, पण गुडघ्यांनी दगा दिला. चिंचेच्या घरच्या रहमतच्या लेकीचं, नफीलाचं, लग्न ठरलं तेव्हा मीराळनं सांगून टाकलं, "हे शेवटचं. यानंतर मला विचारू नका."

रहमतनं फार ताणलं नाही. "बरं लात्ता. आमची नसीमा करेल पुढे. ती म्हणते चालायचं कशाला, फोनवर आवाज भरून पाठवू."

"फोनला उंबरा असतो का ग?"

"नसतो. पण गुडघेही नसतात."

मीराळ हसली. नसीमा ही रहमतची धाकटी जाऊ. ती येऊन समोर बसली, फोन पुढे धरला, आणि मीराळनं घरांची सगळी रांग त्यात सांगून टाकली. एकही घर विसरली नाही.

त्याच आठवड्यात सुलैहा आली. रहमतची मावशी, मीराळची लहानपणची मैत्रीण. लग्नानंतर नवऱ्यानं तिला कोलंबोला नेली, आमच्या रीतीच्या अगदी उलट, आणि गावात तेव्हा मोठा गहजब झाला होता. तेव्हा गेलेली ती आत्ता परत येत होती. लहानपणी सुलैहा, तिची बहीण म्हणजे रहमतची आई, आणि मीराळ, या तिघींचं एक ताट होतं. बहीण अल्लाघरी गेली होती. सुलैहा म्हणाली, "मी तुझ्याबरोबर बोलावणी करायला येते. गाव बघायचंय मला."

"गाव काय बघायचंय? भिंती आहेत."

"भिंतीच बघायच्यात."

मग दोघी निघाल्या. मीराळ काठी टेकत पुढे, सुलैहा मागे, प्रत्येक भिंतीला हात लावत. कुठल्या दगडावर कोणाचं नाव कोरलंय ते वाचायला थांबायची. जुन्या मशिदीमागची वाळू दिसली तेव्हा तिला हसू फुटलं. "इथे आपण घोड्याचे नाल शोधायचो. आजोबा सांगायचे ना, अरबांची गलबतं इथे घोडे उतरवायची."

"तुला एक सापडला होता. कढईचा कान निघाला."

"समुद्र लांब गेला का ग मीराळ? पूर्वी इथवर ऐकू यायचा."

"समुद्र आहे तिथेच आहे. तुझे कान म्हातारे झाले."

प्रत्येक दारात मीराळ खाकरायची, बोलावणं सांगायची, उत्तर घ्यायची. सुलैहाला बघून बायका आत ओढायच्या, तिला वट्टलप्पमचा, नारळाच्या दुधातल्या गोडाचा, तुकडा मिळायचा, मीराळ बाहेर काठीवर हनुवटी टेकून उभी. शेवटचं घर झालं, बोळाचं टोक आलं. सुलैहानं मीराळच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि सहज विचारलं, "आणि तुला कोणी बोलावलं?"

"मला कोण बोलावणार? बोलावणारी मीच."

"पण कधीच नाही?"

"अगं, जी दारोदार सांगते तिला सांगून काय करायचं?" मीराळ मोठ्यानं हसली. सुलैहाही हसली, आणि विषय तिथेच राहिला.

पण मीराळच्या मनातून तो जाईना. तांदूळ निवडताना तिच्या ध्यानात आलं ते असं. आजवर ती लग्नघरी शिरली ती बोलावणारी म्हणून. उद्यापासून ती बोलावणारी नाही. मग शिरायचं कोणत्या तोंडानं? ज्याच्या घरी बोलावणं पोचलं त्यानं जावं, ही रीत तीच तर गावाला सांगत आली. आणि नसीमाच्या फोनमध्ये जी रांग गेली, त्यात तिची खोली नव्हती. ती कधीच नव्हती. नसीमा पुढे वर्षानुवर्षं त्याच रांगेनं बोलावणार, आणि मीराळचं घर गावातून असं पुसलं जाणार की कोणाला कळणारही नाही. तिला या विचारानं धडकीच भरली.

आता जाऊन सांगायचं, की बाई, माझंही घर घाला? छट्. मागून घेतलेलं बोलावणं ते कसलं बोलावणं. तिनं ठरवलं, या लग्नाला रहमतनं बोलावलं तर जायचं, नाहीतर नाही. आणि ते कोणाला सांगितलं नाही. अशा बाईचं काय करायचं? गप्प बसून दुसऱ्यानं ओळखावं म्हणून वाट बघायची, हा आमच्या गावचा जुना रोग आहे.

लग्नाचा दिवस आला. सकाळी निकाह झाला, कर्ण्यावरून दुआ ऐकू आली. दुपारी तुपाचा वास बोळभर पसरला. बायका घोळक्यांनी दारावरून जात होत्या, पैंजण, हसणं, रेशमी साड्यांवर पांढऱ्या चादरी. "लात्ता पुढे गेली असेल," असं कोणीतरी म्हणालं तेही तिनं ऐकलं. तिनं स्वतःपुरती कांजी शिजवली होती. ती तशीच निवत राहिली.

जेवणं सुरू व्हायच्या सुमाराला दारात पेच्ची उभी राहिली. ही लग्नघरच्या स्वयंपाकात हाताखाली होती. डोक्यावर झाकलेलं ताट.

"लात्ता, ताप आलाय का हो?"

"कोण म्हणतं?"

"रहमत उम्मा म्हणाल्या, लात्ता आली नाही म्हणजे नक्की अंथरूण धरलंय. घ्या, गरम आहे. नळीसुद्धा ठेवलीय."

मीराळनं झाकण जरासं उचललं. मग झाकण खाली ठेवलं. "लग्नघरचं ताट कोणाकोणाच्या घरी पाठवतात, पेच्ची?"

"आजाऱ्याच्या. नाहीतर बाळंतिणीच्या."

"मी काय बाळंत झालेली दिसते?"

पेच्ची हसायला लागली आणि मीराळचं तोंड बघून थांबली.

"परत ने."

"लात्ता, लग्नाचं ताट परत न्यायचं म्हणजे—"

"ने म्हटलं ना."

पेच्ची गेली आणि मीराळ भानावर आली. हे काय करून बसलो आपण? पोरीच्या लग्नाच्या दिवशी अन्न माघारी धाडलं. ज्या रहमतला कडेवर खेळवली तिचा पाणउतारा केला. आता तर कायमचंच तुटलं. ती चटईवर बसली आणि रडली, अगदी नवरा गेला तेव्हा रडली होती तशी.

बोळात भराभर पावलं वाजली. रहमत होती, भरजरी साडीत, चादरही न घेता, कपाळावर घाम.

"ताट परत पाठवलंस? लात्ता, माझ्या नफीलाच्या लग्नात? सगळ्या बायकांसमोर पेच्ची ते घेऊन परत आली. काय चुकलं माझं, सांग तरी."

मीराळ आत चटईवरच बसून राहिली.

"तिकडे सुलैहा मावशी हात धुऊन ताटापुढे बसलीय. एकटी. नसीमा बसायला गेली तर तिला उठवलं. म्हणते, आमची तिसरी आल्याशिवाय घास घेणार नाही. मी म्हटलं, मग येऊ दे ना तिला, कोणी अडवलंय? तर मावशी मला म्हणाली, बोलावलंस का?" रहमत थांबली. "मी म्हटलं, लात्ताला काय बोलावायचं—"

आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. मग दोन पावलं मागे सरली, पुन्हा दाराशी आली, आणि खाकरली.

आत मीराळनं पदरानं तोंड पुसलं. "कोण?"

"मी. चिंचेच्या घरची. चिंचेच्या घरच्या रहमतची लेक नफीला, तिचा निकाह आज, आणि जेवण चिंचेच्या घरी—"

"मशीद राहिली."

"मोठ्या मशिदीत. पण लात्ता, निकाह तर झाला सकाळीच."

"झाला तरी सांगायचं. आणि उंबऱ्यावर हात ठेव. पहिल्यापासून."

तिकडे घर पाहुण्यांनी भरलेलं, विहीणबाई खोळंबलेल्या, आणि इकडे रहमतनं निमूट उंबऱ्यावर हात ठेवला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. घर, लेक, दिवस, मशीद, जेवण. आणि शेवटी, "घरातल्या सगळ्यांनी यायचं. मागे कोणाला ठेवायचं नाही."

मीराळनं खोलीत नजर फिरवली. चटई, कांजीचं भांडं, खुंटीवरची पांढरी चादर. ती दारापर्यंत आली. तोंड उघडलं. जे उत्तर तिनं गावच्या प्रत्येक दारात उभं राहून ऐकलं होतं, तेच आता तिला आठवेना.

"लात्ता, उत्तर दे ना ग. त्याशिवाय मला जाता येत नाही."

"थांब जरा. मला कधी द्यावं लागलं नाही."

रहमत थांबली. बोळातून दोघी बायका उशिरानं लग्नाला निघाल्या होत्या, त्याही भिंतीला टेकून थांबल्या.

"अल्लानं आणलं तर," मीराळ म्हणाली, "आलोच समज."

मग तिनं खुंटीवरची चादर घेतली, कांजीवर झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली. बोलावायला निघताना ती कधी कडी घालत नसे. रहमतनं तिची काठी हातात दिली आणि दोघी निघाल्या. मागे घरात कोणी राहिलं नव्हतं.