मोहावरची घुबडं

लाकूड कापायच्या आरामशीनवरून जाताना ताज्या भुशाचा वास आला की मला आमच्या मोहाच्या झाडावरची लाकडी पेटी आठवते. धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या शेतात उंदीर धान कुरतडायचे, म्हणून घुबडांसाठी मी ती तळाशी भुसा पसरून ठोकली होती. गावाने अपशकुन म्हणून नाकं मुरडली, पण दुसऱ्या वर्षी पांढऱ्या तोंडाची एक जोडी तिथे राहायला आली आणि पिल्लंही झाली. त्याच वर्षी दिवाळी आठ दिवसांवर असताना भरदुपारी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून आला. पक्षी पाहायचा छंद आहे, म्हणाला. बोलताना त्याची नजर फांद्यांवरून वर चढत होती. मग त्याने सहज विचारलं, "एकेक घुबड किलोभर भरेल का?" धान कापणारी माझी बायको विळा घेऊन जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "पाहणाऱ्याले वजन कायले पाहिजे जी?" दिवाळीत घुबडांचे बळी देतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी घाईने म्हणालो, "पिल्लं उडून गेली." नेमकी तेव्हाच पेटीतून पिल्लांची लांबलचक फुसफुस ऐकू आली. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "रिकाम्या पेटीत नाग येऊन बसला जी." माणूस दोन पावलं मागे सरला आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेला. पिल्लं उडेपर्यंत आम्ही आळीपाळीने झाडाखाली बसलो. तो खरंच हौशी असेल, तर आमचं चुकलं. इतक्या वर्षांत मनाला हे कितीदा सांगून पाहिलं, पण ते अजून मानत नाही.