कुकाबराचं बिऱ्हाड

कुकाबरा हा पक्षी हसतो, असं लोक मोठ्या हौसेनं सांगतात. हसतोय कसला! पहाटे नि तिन्हीसांजेला अख्खं कुटुंब गळा काढून शेजाऱ्यांना बजावत असतं, की ही हद्द आमची, इकडे फिरकू नका. मी पुण्यात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असलं भाबडं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सुनेच्या बाळंतपणाला मी परदेशात, पुंगोलला, मुलाकडे आले. इथल्या आपल्या मंडळींत पाळ्या ठरलेल्या असतात. आधी विहीणबाई, त्यांचा मुक्काम संपला की सासूबाई. पण विहीणबाईंचे गुडघे गेले आणि मुलगा म्हणाला, "आई, तू आता कायमचीच राहा." मी हुरळून गेले. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला, भांडीकुंडी भाचीला देऊन टाकली, आणि नातीला हातांवर वाढवलं.

जानेवारीत ती पहिलीत जाणार होती. त्याआधी बालवाडीत तिला एका पक्ष्याविषयी बोलायचं होतं, म्हणून ती, मुलगा आणि मी पक्षी बघायला गेलो.

जाळीमागे दोन कुकाबरे फुगून बसले होते. मी नातीला सांगितलं, हा आपल्या खंड्याच्या कुळातला, पण मासे क्वचितच खातो. सरडे, किडे, साप धरतो आणि फांदीवर आपटून मारतो. राहतो झाडाच्या ढोलीत, जोडी जन्माची. आणि थोरली पिल्लं लगेच उडून जात नाहीत. आईबापांपाशी राहून पुढची अंडी उबवतात, धाकट्यांना भरवतात. हे मी मुलाकडे बघत जरा ठासूनच सांगितलं. आमच्यात पोरं उडून जातात आणि भरवायला म्हातारीला बोलावतात, एवढं मात्र गिळलं.

नात टाळ्या पिटत म्हणाली, "लाइक आजी लाह! बट आजी गोइंग बॅक टू पुणे. आय गो प्रायमरी वन, आफ्टर स्कूल गॉट स्टुडंट केअर. बाबा टेल मी."

स्टुडंट केअर म्हणजे शाळा सुटल्यावर पोरं सांभाळणारं पाळणाघर. गरज सरो, वैद्य मरो, हे मी आजवर दुसऱ्यांच्या घरांविषयी म्हणत आले होते.

"घरी गेल्यावर सांगणारच होतो, आई. तुलाही दिवसभर एकटं वाटेल इथे."

"आणि मी राहू कुठे? फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत."

"त्यांना सोडायला सांगितलंय. तिकीटही काढलंय," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून घाईनं पुढे म्हणाला, "खिडकीजवळची सीट घेतलीय तुझ्यासाठी."