सहा चौके

देश खुला झाला, अशा मोठ्या मथळ्यांचे दिवस होते. आमच्याकडे मात्र पाझर तलावाचं काम खुलं होतं. नेकनूरजवळच्या माळावर रोजगार हमीवर बाया मुरूम खणत होत्या, आणि मी बावीस वर्षांचा, झोळीत पत्रकं घेऊन त्यांना जागं करत हिंडत होतो. त्या पहाटे चारला उठत. मी साताला.

तिथं पंधरा दिवसांनी बेरीज व्हायची. ठरलेल्या मापाच्या खड्ड्याला चौका म्हणत; खोली कमी भरली की चौके कमी धरत. जेवढे चौके, तेवढी मजुरी. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता सोडायचा. कामावरचा इंजिनिअर साहेब येऊन त्या खांबाला टेप लावून खोली मोजणार आणि कारकून बेरीज मारणार. कारकुनाकडे उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर होता. बायांचं ठाम मत होतं की तो उन्हात बरोबर चालतो, पण कारकून मुद्दाम सावलीत बसतो.

टोळीच्या म्होरक्या मावशीनं मला तिच्या घराचं दार दाखवलं. आतल्या बाजूला कोळशाच्या रेघा, एका चौक्याला एक. मी बेरीज मारली: साठ. मजुरी मिळणार होती चोपन्नची. उरलेले सहा हजेरीपटावर कारकुनाच्या मेव्हण्याच्या नावानं होते, आणि मेव्हणा दोन वर्षं सुरतेला.

माझं रक्त उसळलं. बीडला जाऊन मी पत्रक छापलं: ‘सहा चौके कुणी गिळले? भर चव्हाट्यावर बेरीज करा!’ उद्गारचिन्हं इतकी, की छापखान्यातले खिळे संपले. साहेबाच्या हातात ते मीच दिलं.

साहेबानं शांतपणे वाचलं. म्हणाला, “जरूर. पण नुसती बेरीज कशाला? परवा सगळ्या चौक्यांचं मोजमापच पुन्हा करू.”

मी “विजय असो” म्हणालो.

मावशीनं मला बाभळीआड ओढलं. “आरं, हे काय करून ठिवलंस?”

“तुमचे सहा चौके...”

“खांबाचं डोस्कं बघितलंस का कधी?”

मग तिनं दाखवलं. प्रत्येक खांबावर ओली माती थापलेली, वर गवताचं ठोंब लावलेलं. जणू तिथं जन्मापासून उगवलंय. खांब टीचभर उंच, म्हणजे खड्डा टीचभर खोल.

“म्हणजे तुम्ही पण...” मी भाषण सुरू केलं.

“मुरूम लई कडक हाय. सरकारनं कागदावर लिवलंय मऊ माती. मऊ मातीच्या भावात दिवसभर खणून भाकरीपुरतं बी न्हाई निघत. कारकुनाला ठावं हाय. त्यो सहा खातो अन् गप बसतो. आमची बेरीज बरोबर जुळली होती, बाबा.” ती खाली बसली. “आता साहेब काम बंद करील. मग लेकीला घिऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला कोयता धरायचा. दीड महिन्यावर तिची दहावीची परीक्षा हाय.”

माझ्या एकाही पत्रकात याचा उल्लेख नव्हता.

परवा साहेब आला. पहिल्याच खांबाचं डोकं टेप लागताच खाली आलं, गवतासकट. “फसवणूक!” साहेब म्हणाला. “काम बंद.” कारकून सावलीत खूष: आता सहा चौके कोण विचारणार?

मला बोलायचं होतं, पण घोषणाच आठवेनात. मावशी पुढं झाली आणि पहार साहेबापुढं धरली. “साहेब, मऊ माती हाय म्हंता ना? हाणा दोन घाव.”

“मी कशाला हाणू?”

“मोजमाप करायला आलाव न्हवं?”

बाया हसल्या. साहेबानं चिडून पहार घेतली, दोन्ही हातांनी हाणली. पहार टणकन उडाली. दुसऱ्या घावाला साहेब मनगट धरून खाली बसला. मुरमावर नखाएवढी पांढरी खूण.

“बरं,” मनगट चोळत तो म्हणाला. “काम चालू ठेवा. पण डोकी काढून मोजा.”

डोकी काढली, मोजलं, कारकुनाला उन्हात बसवून मोठ्यानं बेरीज मारायला लावली. आकडा आला: चोपन्न.

“एवढी बोंब मारून तेवढंच का रं?” एक म्हातारी म्हणाली. खरंच तेवढंच; खांबावर थापलेली माती आजवर सगळी मेव्हण्याच्याच नावावर जात होती. माझ्या पहिल्यावहिल्या आंदोलनात तोटा झाला तो एकट्या मेव्हण्याचा. कागदावरची माती मऊच राहिली. तिच्याजागी कडक मुरूम लिहावा, असा अर्ज करायचं ठरलं. मावशीची लेक मात्र शाळेत राहिली.

“अर्ज लिवायच्या आधी एक चौका खणून बघ,” मावशी म्हणाली. मी तावातावानं पहार घेतली. दुपारपर्यंत हाताला फोड आणि खड्डा ढोपराएवढा. कुणी बघत नाही असं पाहून मी खांबावर ओंजळभर माती थापली.

मागून मावशीचा आवाज आला, “गवत बी लाव, न्हाईतर साहेबाला दिसतंय.”